उष्णकटिबंधीय लष्करी बूट : संग्राहकाचा छंद आणि इतिहासाचे साधन

प्रास्ताविक

इतिहासलेखनातील साधनांचे महत्त्व नव्याने सांगण्याचे कारण नाही. वि. का. राजवाडे यांच्या पिढीने वाड्यांतील दप्तरे आणि रुमाल धुंडाळून लिखित साधनांचा पाया घातला. तर पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवून वस्तूलाही साक्ष देता येते हे दाखवून दिले. लष्करी इतिहासाच्या क्षेत्रात मात्र वस्तू म्हटली की तलवार, बंदूक, ध्वज आणि पदक यांपलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. सैनिक ज्यावर उभा राहतो, चालतो आणि ज्याच्या अभावी निकामी होतो त्या पायातील बुटाला आपल्या अभ्यासात फारसे स्थान मिळालेले नाही.

अमेरिका आणि युरोपमध्ये गेल्या काही दशकांत लष्करी वस्तूंच्या संग्राहकांचा मोठा वर्ग तयार झाला आहे. त्यातील एक चिकित्सक गट उष्ण कटिबंधातील लढायांसाठी बनविलेल्या बुटांचा संग्रह करतो. हा छंद वरवर पाहता विक्षिप्त वाटेल. परंतु या मंडळींनी बुटांचे शिक्के, शिवण, तळाचे ठसे आणि कापडाचा पोत यांवरून कालनिश्चिती करण्याची जी पद्धत विकसित केली आहे ती नाणकशास्त्र किंवा मृत्पात्रांचा अभ्यास यांच्या जवळ जाणारी आहे. प्रस्तुत लेखात या बुटांच्या घडणीचा थोडक्यात मागोवा घेऊन एका प्रश्नाचा विचार केला आहे. संग्राहकांच्या कपाटात जे बूट पोहोचले आहेत, त्यांच्यावरून सैनिकाच्या अनुभवाचा इतिहास लिहिता येतो का?

वाळवंट आणि जंगल

उष्ण हवामानातील बूट असा सरसकट शब्दप्रयोग केला जात असला तरी त्यात दोन अगदी भिन्न गरजा एकत्र आल्या आहेत. वाळवंटात पाय तापतो, वाळू आत शिरते, चामडे सुकून आक्रसते. जंगलात पाय सतत भिजतो, चामडे कुजते आणि शिवणीचा दोरा सडतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय सत्तांनी या दोन्ही प्रदेशांत राज्य केले, पण पायांचा विचार फारसा केला नाही. डोक्याचा मात्र भरपूर केला. सूर्याच्या उष्म्याने गोऱ्या माणसाचा मेंदू बिघडतो या समजुतीपोटी सोला टोपीवर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या एक दशांशही बुटावर झालेली दिसत नाही. लंडनच्या थंडीत चालणारा जाड चामड्याचा, तळाला खिळे आणि टाचेला नाल ठोकलेला बूट मद्रासपासून रंगूनपर्यंत चालवून घेतला गेला. स्थानिकांचा अनुभव उपयोगात आला तो अपवादाने. वायव्य सरहद्दीवरील जाड चपला तिथल्या फौजांनी स्वीकारल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात दूरवर टेहळणी करणाऱ्या ब्रिटिशांच्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या सैनिकांच्या पायांतही त्या दिसतात.

वाळवंटी बुटांमध्ये संग्राहकांना सर्वाधिक ओढ आहे ती जर्मन आफ्रिका कोअरच्या बुटांची. १९४१ च्या फेब्रुवारीत हे दल उभे राहिले आणि मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन-इटालियन फौजांनी शरणागती पत्करली. त्याच्या पोशाखाच्या रचनेत हॅम्बुर्ग येथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेचा सल्ला घेतला गेला होता. चवडा व टाच चामड्याची आणि वरचा भाग हिरवट कॅनव्हासचा, नाडीने आवळला जाणारा, अशी या बुटाची घडण होती. सुरुवातीचे काही बूट तर गुडघ्याजवळ पोहोचणारे होते. मोहिमेचा काळ जेमतेम सव्वादोन वर्षांचा, त्यात पराभूत दलाभोवती निर्माण झालेले वलय, यामुळे हे बूट दुर्मीळ आणि महाग झाले. आणि महाग वस्तूच्या पाठोपाठ नकलाही आल्या. (नाझी राजवटीशी जोडलेल्या वस्तूंविषयी काही संग्राहकांना वाटणारे आकर्षण हा वेगळा आणि अस्वस्थ करणारा विषय आहे, त्याचा विचार येथे केलेला नाही.)

याच वाळवंटातून निघालेली आणखी एक कथा बाजारात अधिक गाजली. आठव्या सैन्यातील काही अधिकारी कैरोच्या बाजारात शिवून घेतलेले मऊ चामड्याचे घोट्यापर्यंतचे बूट वापरीत. १९४१ मध्ये ब्रह्मदेशात पाठवणी झालेला नेथन क्लार्क हा ब्रिटिश पादत्राण घराण्यातील अधिकारी त्या बुटांवर लुब्ध झाला, आणि युद्धानंतर १९४९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्याने ‘डेझर्ट बूट’ मांडला. पुढे महाविद्यालयीन तरुणांच्या पायांत दिसलेला हा बूट मुळात लष्कराने दिलेला नव्हता. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घेतलेला होता, एवढे येथे नोंदविणे पुरेसे आहे.

पाणी थांबवायचे की जाऊ द्यायचे?

जंगली बुटाचा इतिहास यापेक्षा अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात एका कल्पनेचा बदल दिसतो. पारंपरिक बूट पाणी आत येऊ नये म्हणून धडपडतो. दलदलीत ही धडपड व्यर्थ असते. पाणी वरून, कडांवरून, घामाच्या रूपाने आत येतेच, आणि जो बूट ते येऊ देत नाही तो ते बाहेरही जाऊ देत नाही. पनामा कालव्याच्या प्रदेशात तैनात असलेल्या अमेरिकी तुकड्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रबरी तळाचे, कॅनव्हासचे बूट चाचणीसाठी दिले गेले. युनायटेड स्टेट्स रबर कंपनीच्या सहकार्याने आकाराला आलेल्या या बुटामागील विचार असा होता की, पाणी येणारच आहे, तर ते लवकर निघून जावे आणि पाय सुकावा. पनामातील या प्रयोगांत क्रेसन कर्नी या तरुण अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. जंगलातील साधनसामग्रीविषयीच्या लष्करी अनास्थेचा पाढा त्याने पुढे म्हातारपणी, १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वाचला आहे.

१९४२ मध्ये या बुटात सारान नावाच्या प्लास्टिकच्या जाळीदार थरांचा आतला तळवा घालण्यात आला. पाऊल पडताना आणि उचलताना त्या जाळीतील हवा हलत राही आणि पाणी छिद्रांवाटे बाहेर पडे. ३१ ऑगस्ट १९४२ रोजी या बुटाला मान्यता मिळाली आणि न्यू गिनी, फिलिपाईन्स व ब्रह्मदेश येथे तो काही प्रमाणात वापरला गेला. तो हलका होता, पण घोट्याला आधार कमी देई आणि लवकर झिजे. १९४४ मध्ये रेमंड डोबी या सार्जंटने तळाची नवी नक्षी काढली. रबराच्या तिरप्या कंगोऱ्यांमुळे प्रत्येक पावलाबरोबर चिखल आपोआप बाहेर ढकलला जाई. हाच तो पुढे प्रसिद्ध झालेला ‘पनामा सोल’. युद्धाच्या अखेरीस चामडे आणि कापड यांचा मेळ घातलेला सुधारित बूटही तयार झाला होता. पण युद्ध संपले आणि हे सारे काम बासनात गुंडाळून ठेवले गेले.

वीस वर्षांनी व्हिएतनाममध्ये तेच बासन पुन्हा उघडावे लागले. १९६५ च्या सुमारास अमेरिकी सैनिकांना मिळू लागलेला जंगली बूट १९४५ च्या नमुन्यावरच आधारलेला होता. खाली काळे चामडे, वर हिरवे कॅनव्हास, आतल्या बाजूस पाणी जाण्यासाठी जाळीची दोन छिद्रे आणि शिवण्याऐवजी साच्यात ओतून चिकटविलेला रबरी तळ अशी त्याची घडण होती. गनिमांनी वाटेत पुरलेल्या बांबूच्या अणकुचीदार खुंट्यांपासून बचाव व्हावा म्हणून मे १९६६ पासून तळात पोलादी पत्रा घालण्यात येऊ लागला. पुढे सुती कॅनव्हासच्या जागी नायलॉन आले, घोट्याला मजबूत पट्टी आली आणि गिर्यारोहणाच्या बुटासारखा तळ जाऊन पनामा सोल आला. म्हणजे १९४४ चा शोध सैनिकाच्या पायात सर्वत्र पोहोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते शिपायापर्यंत पोहोचणे यांतील हे अंतर लष्करापुरतेच मर्यादित नाही, हे आपणा अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

इतके करूनही पायांचा प्रश्न सुटला नाही. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात भातखाचरांतून दिवसेंदिवस चालणाऱ्या अमेरिकी नवव्या पायदळ डिव्हिजनमध्ये त्वचारोगांनी इतके सैनिक निकामी होऊ लागले की, १९६८ च्या सुमारास तिथे पायांविषयी स्वतंत्र वैद्यकीय अभ्यास हाती घ्यावा लागला. त्यातून निघालेला उपाय बुटाचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. तुकडीला पाण्यात साधारणतः ४८ तासांहून अधिक ठेवू नये आणि नंतर पाय सुकू द्यावेत. त्याच भूमीवर विरोधी बाजूचे सैनिक ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेल्या चपलांनी चालत होते. टायरचा तळ आणि आतल्या ट्यूबच्या पट्ट्या एवढ्यावर भागणाऱ्या त्या पादत्राणात पाणी साचण्याचा प्रश्नच नव्हता. जपानी सैनिकांची रबरी तळाची, अंगठा वेगळा असलेली जिका-ताबी ही अशीच कामकऱ्यांच्या पायांतून लष्करात आलेली वस्तू होय. कुरुमे येथील इशिबाशी बंधूंनी ती १९२३ मध्ये बाजारात आणली होती, आणि त्यातील शोजिरो इशिबाशी यांनीच पुढे ब्रिजस्टोन ही टायर कंपनी स्थापन केली.

शिक्क्यांचे वाचन

आता संग्राहक बूट कसा ‘वाचतो’ ते पाहू. अमेरिकी जंगली बुटाच्या आत कंत्राटाचा क्रमांक छापलेला असतो. त्याच्या आरंभीची ‘डीएसए’ ही अक्षरे डिफेन्स सप्लाय एजन्सी या संस्थेची आहेत. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि जानेवारी १९७७ पासून तिचे नाव बदलून डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झाले. त्यामुळे ‘डीएसए-१००-६७’ अशी सुरुवात असेल तर तो बूट १९६७ च्या आर्थिक वर्षातील कंत्राटाचा, आणि ‘डीएलए’ असेल तर तो व्हिएतनाम युद्धानंतरचा, असा निर्वाळा देता येतो. याला जोड मिळते ती साठा क्रमांकाची. ८४३० हा पुरुषांच्या पादत्राणांचा वर्ग. १९७४ पर्यंत हा क्रमांक अकरा अंकी होता, त्यानंतर तेरा अंकी झाला. हाच बूट १९८० च्या दशकातही मोठ्या प्रमाणावर बनत होता आणि बाजारात ‘व्हिएतनामचा’ म्हणून विकले जाणारे पुष्कळ जोड प्रत्यक्षात त्या दशकातले असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन क्रमांकांचे महत्त्व कळते. हो चि मिन्ह शहरातील दान सिन्ह बाजारात युद्धकालीन म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये अस्सल किती आणि पर्यटकांसाठी बनविलेल्या किती, याचा निवाडाही अशाच खुणांवर करावा लागतो.

ही पद्धत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ताम्रपटाची अक्षरवाटिका, मोडी पत्रावरील शिक्का आणि कागदाचा पोत पाहून बनावट सनद ओळखणाऱ्या अभ्यासकाचीच ही दृष्टी आहे. केवळ वस्तू निराळी आहे. मात्र येथपर्यंत आल्यावर संग्राहक आणि इतिहासकार यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि या लेखातील मुख्य मुद्दा तोच आहे.

जे टिकले ते कोणाचे?

संग्राहकांच्या बाजारात सर्वाधिक किंमत मिळते ती कोऱ्या बुटाला. कोठारातून बाहेरच न पडलेला, नाडीही न ओवलेला, शिक्के स्पष्ट असलेला जोड हा सर्वोत्तम. वापरलेला, टाच झिजलेला, चिखलाचे डाग असलेला जोड दुय्यम. फाटलेला जवळजवळ निरुपयोगी. संग्राहकाच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. परंतु कोरा बूट म्हणजे जो एकाही सैनिकाच्या पायात गेला नाही असा बूट. तो कारखान्याचा, कंत्राटाचा आणि कोठाराचा इतिहास सांगतो. युद्धाचा सांगत नाही.

त्यातही निवड होते. ज्या मापांची मागणी सर्वाधिक होती ते बूट वाटले गेले, वापरले गेले आणि संपले. उरले ते फार लहान किंवा फार मोठ्या मापांचे. नेहमीच्या मापाचा जुना कोरा जोड मिळणे कठीण, हा संग्राहकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे सरासरी सैनिकाचे पाऊल या संग्रहातून आधीच वजा झालेले असते.

तिसरी चाळणी हवामानाची. बुटाचे सुती कॅनव्हास हे बुरशीचे खाद्य आहे. रबर हवेतील ओझोन व प्राणवायूमुळे कडक होते, त्याला भेगा जातात आणि शेवटी त्याचा चुरा होतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते. दमट हवेत चामड्याला बुरशी येते, खिळ्यांना गंज चढतो आणि तो गंज चामड्यालाही खातो. परिणामी जे बूट प्रत्यक्ष जंगलात राहिले ते जवळजवळ नष्ट झाले, आणि जे समशीतोष्ण देशांतील कोरड्या गोदामांत पडून राहिले ते टिकले. उष्ण कटिबंधासाठी बनविलेला बूट उष्ण कटिबंधाबाहेरच टिकावा हा विरोधाभास संग्रहाकडे पाहताना सतत ध्यानात ठेवावा लागतो. मलायात १९४८ ते १९६० या आणीबाणीच्या काळात ब्रिटिश व गुरखा सैनिकांनी वापरलेल्या हिरव्या कॅनव्हासच्या उंच बुटांचे हेच झाले. ते बूट लवकर फाटत, जळवा त्यांतून आत शिरत, अशा तक्रारी होत्या. त्यामुळे वापरलेला अस्सल जोड आज फारच विरळा दिसतो.

झीज हाच मजकूर

या संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नाणकशास्त्रीय कार्याची आठवण होते. पुण्यात गणिताचे अध्यापन करीत असताना १९४० च्या सुमारास कोसंबींनी तक्षशिलेच्या आहत नाण्यांची वजने अत्यंत काटेकोरपणे घेतली. हातोहात फिरताना नाणे झिजते आणि त्याचे वजन घटते. तेव्हा एकाच निधीतील नाण्यांच्या वजनांतील घट मोजली तर ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो, असा त्यांचा विचार होता. नाण्यांच्या हौशी संग्राहकाला झीज हा दोष वाटतो. कोसंबींना तो पुरावा वाटला, आणि तिथेच छंद संपून शास्त्र सुरू झाले.

बुटालाही हीच दृष्टी लावता येईल. टाच कोणत्या बाजूने झिजली आहे, आतल्या तळव्यावर पावलाचा ठसा किती खोल उमटला आहे, मूळ नाडीच्या जागी कोणता दोर ओवला आहे, छिद्रांच्या जाळीत कोणती माती अडकली आहे, या प्रत्येक खुणेत एखाद्या माणसाचे चालणे नोंदलेले असते. व्हिएतनाममधील अनेक अमेरिकी सैनिक आपल्या दोन ओळखपट्ट्यांपैकी एक बुटाच्या नाडीत ओवून ठेवीत. शरीराचे काय होईल याची खात्री नसताना निदान पाऊल ओळखता यावे हा हेतू त्यामागे होता. अशा बुटाच्या नाडीवर राहिलेला पट्टीचा घासलेला डाग हा कोऱ्या जोडावरील स्पष्ट शिक्क्यापेक्षा इतिहासकाराला अधिक मोलाचा असला पाहिजे. बाजारातील मूल्यक्रम आणि अभ्यासातील मूल्यक्रम येथे अगदी उलटे होतात. दुर्दैवाने काही विक्रेते जुना बूट धुऊन, पॉलिश करून, नवी नाडी घालून विकावयास ठेवतात. जुन्या दप्तराला वाळवी लागल्यावर जे नुकसान होते तेच येथे हौसेने केले जाते.

भारतीय सैनिकाचे पाय

या सगळ्या संग्रहांत एक मोठी पोकळी आहे, आणि ती आपल्याशी थेट संबंधित आहे. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढलेल्या चौदाव्या सैन्यात भारतीय सैनिकांची संख्या सर्वांत मोठी होती. तरीही जंगलयुद्धाच्या बुटांचा विषय निघाला की अमेरिकी, ब्रिटिश, जपानी नमुने पुढे येतात. भारतीय शिपायाचा बूट क्वचितच दिसतो. याचे एक कारण असे की त्याच्यासाठी वेगळा जंगली बूट मोठ्या प्रमाणावर पोहोचलाच नाही. बहुतांशी तोच चामड्याचा, खिळेदार बूट घालून तो अराकान आणि मणिपूरच्या डोंगरांत लढला. ओल्या दगडावर आणि लाकडाच्या ओंडक्यावर खिळे घसरतात, आणि शांत रानात त्यांचा आवाजही दूरवर जातो.

हे बूट मुख्यतः कानपूरसारख्या केंद्रांत तयार होत. १८५७ नंतरच्या काळात तेथे सरकारी खोगीर व चर्मसामान कारखाना उभा राहिला, पुढे कूपर ॲलन कंपनीसारखे खाजगी कारखाने आले आणि लष्करी बूट हे त्या शहराचे एक प्रमुख उत्पादन बनले. त्या चामड्यामागे दलित कारागिरांचे श्रम होते. ज्या हातांनी साम्राज्याच्या फौजेला बूट घातले त्यांच्या जातिबांधवांना अनेक गावांत सवर्णांच्या वस्तीतून पायताण घालून जाण्यास मज्जाव होता, ही वस्तुस्थिती डोळ्याआड करून लष्करी बुटाचा सामाजिक इतिहास लिहिता येणार नाही. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या भरतीतून आलेल्या तरुणाला सरकारी बुटाचा जोड मिळाला तेव्हा त्याचा अर्थ कोठाराच्या नोंदवहीतील अर्थाहून फार वेगळा असणार, हे समजण्यास आपल्याला स्वतंत्र कागदपत्राची गरज नाही.

जनरल स्लिम यांनी चौदाव्या सैन्याच्या आरंभीच्या स्थितीविषयी लिहिताना नोंदविले आहे की, १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठविलेल्या दर एका सैनिकामागे आजारी म्हणून मागे आणावे लागलेले सैनिक १२० होते. हिवताप आणि आमांश यांच्या पाठोपाठ त्या आजारांत त्वचारोगांचा क्रमांक लागत असे. यातील पायांचा वाटा किती हे वेगळे काढलेले नसले तरी ओला बूट आणि कुजणारी त्वचा यांचे नाते उघड आहे. बी. एल. रैना यांनी संपादित केलेल्या, दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैन्याच्या वैद्यकीय इतिहासाचे खंड आपल्याकडील काही जुन्या ग्रंथालयांत धूळ खात आहेत. लढायांच्या वर्णनासाठीही ते क्वचित उघडले जातात, पायांसाठी तर नाहीच. बूट उरले नसतील तर त्यांचा इतिहास अशा रुग्णसंख्यांतूनच शोधावा लागेल.

मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील उखरूलच्या दिशेने असलेल्या सांगशाक या खेड्याजवळ पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपानी फौजेला काही दिवस रोखून धरले. तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. २६ मार्चच्या रात्री माघारीचा आदेश आल्यावर उरलेले सैनिक, चालू न शकणाऱ्या जखमींना मागे ठेवून, अंधारात डोंगर उतरून इंफाळच्या दिशेने गेले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील कितीतरी तरुण त्या वाटेने चालले असतील. त्यांच्या शौर्याची नोंद पलटणीच्या इतिहासात आहे. त्यांच्या चालण्याची नोंद ज्यात उमटली ती वस्तू उरलेली नाही.

कायद्याची मर्यादा

इंफाळ परिसरातील रणभूमीवर आजही गंजलेली शिरस्त्राणे, काडतुसांची टरफले, पाण्याच्या बाटल्या सापडतात. स्थानिक अभ्यासकांनी त्यांचे जतन करण्याचे मोलाचे काम केले असून २०१९ मध्ये तेथे इंफाळ शांतता संग्रहालयही सुरू झाले. परंतु अशा वस्तूंना कायद्याचे संरक्षण किती? १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार सर्वसाधारण वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी ती किमान शंभर वर्षांची असावी लागते. हस्तलिखितांसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. म्हणजे १९४४ चा बूट २०४४ पूर्वी या व्याख्येत बसत नाही. तोपर्यंत तो भंगारात जाऊ शकतो, विकला जाऊ शकतो, परदेशी जाऊ शकतो. यातील कशालाही हा कायदा आड येत नाही.

पाषाणमूर्ती आणि ताम्रपट यांचा विचार करून घातलेली शंभर वर्षांची अट रबर आणि कॅनव्हास यांना लावली तर काय होईल, याचा विचार कायदा करताना झालेला नसावा. रबराचा तळ दमट हवेत शंभर वर्षे टिकणे अवघडच. हस्तलिखिताला ७५ वर्षांची सवलत दिली गेली. त्याच न्यायाने विसाव्या शतकातील नाशवंत वस्तूंचा, त्यातही रबर व प्लास्टिकच्या वस्तूंचा, वेगळा विचार होणे आवश्यक आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अमेरिकी बुटातील सारानचा जाळीदार तळवा हा प्लास्टिकच्या लष्करी वापराचा आरंभीचा नमुना आहे. तो पुरावस्तू होण्याची वाट पाहणे म्हणजे तो नाहीसा होण्याची वाट पाहणे होय.

तोपर्यंत महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना करण्यासारखे काम आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ सैनिक कामी आले. पश्चिम महाराष्ट्रात अशी सैनिकी परंपरा असलेली गावे पुष्कळ आहेत. तेथील घरांत सैनिकी वस्तू पाहताना पदके आणि प्रमाणपत्रे यांबरोबर पट्ट्या, बूट, घोंगड्या, डबे यांचीही चौकशी व्हावी, वस्तू नसेल तर ती कशी संपली हे तरी विचारून लिहून घ्यावे.

अशी चौकशी प्रस्तुत लेखकाने एकदा केली आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या एका दिवंगत सैनिकाच्या घरी त्यांच्या सुनेने पत्र्याची पेटी उघडून दाखविली. पदके होती, नोकरीतून मुक्त केल्याचे पुस्तक होते, एक पितळी बिल्ला होता. बुटांविषयी विचारल्यावर त्या बाईंना थोडे नवलच वाटले. मामंजी परत आले तेव्हा बूट पायातच होते, असे त्या म्हणाल्या. दोन पावसाळे त्यांनी ते नांगरामागे घातले, मग तळ सुटला. चामड्याचे तुकडे मोटेच्या नाड्याला लावले, आणि टाचेचे नाल अजून गोठ्याच्या दाराला ठोकलेले आहेत, ते पाहायचे असतील तर चला.